डोळ्याच्या मापाची होडी

११ फेब्रुवारी
ही वही लिंडोरानं आणून दिली. म्हणाली, "जे तोंडानं बोलतोस ते हिच्यात बोल. विंडवर्ड गावाला तेवढीच शांतता." एकोणतीस वर्षांच्या संसारात बायकोनं आपण होऊन काही आणून दिलं, म्हणजे त्यात खोट असणारच. आहेच. रेघा पानाच्या मधोमध खचल्यात, एखादी बकरी बसून उठल्यासारख्या. डावा डोळा मिटून, उजव्यानं नीट बघून खात्री केली. बाप शिकवून गेलाय: दोन डोळ्यांनी बाई बघावी, लाकूड एकाच डोळ्यानं.

वही परत करायला दुकानात गेलो. दुकानदार कपिलिननं रेघा बघितल्या, मला बघितलं आणि हसत सुटला. "हॅल्डेन, तुझ्या जिभेला रविवारीसुद्धा सुट्टी नाही का रे?" गल्ल्यावरची बाईपण हसली. गावात विनोदी म्हणून नाव झालं की माणसाची साधी तक्रारही कुणी नोंदवून घेत नाही.

खरी बातमी वेगळी. ओझायस आला होता. गेल्या वादळानं त्याचं गलबत खाजणीत नेऊन आपटलं, तेव्हापासून तो बारच्या पायरीवर बसून समुद्राला शिव्या द्यायचा. आज उभा होता. बाहेरच्या कुणाला तरी किनाऱ्यावरची जमीन विकून टाकलीन. आजोबांच्या थडग्यापासून नारळांपर्यंत, सगळी.

"चाळीस फुटी होडी बांधून हवी," म्हणाला. "आणि पाण्यात सरळ उभी राहिली पाहिजे. तुझ्यासारखी बारच्या दाराला टेकून नाही."

"बरोबर आहे. कप्तान लंगडा असला की होडीनं तरी सरळ असावं."

डोलकाठीची आडवी दांडी बसून त्याचा डावा पाय अधू झाला, त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून तो चालतो तेच एका बाजूला कलून. आम्ही दोघं एकमेकांना चाळीस वर्षं ओळखतो आणि एकदाही एकमेकांशी सभ्यपणे वागलेलो नाही. याला मी मैत्री म्हणतो.

जाता जाता म्हणाला, "हॅल्डेन, आता माझ्याकडे दुसरं काही नाही. हीच होडी."

हे मात्र त्यानं विनोदानं म्हटलं नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.

३ मार्च
चंद्र उतरणीला लागला, म्हणून डोंगरावर सीडर तोडायला गेलो. चढत्या चंद्राचं लाकूड किडा खातो. विज्ञानवाले यावर हसतात, पण त्यांच्या होड्या प्लॅस्टिकच्या असतात, त्या किडाही खात नाही.

बरोबर सेप्टिमस. लिंडोराचा भाऊ, पंचेचाळीसचा, माझ्याकडे सतरा वर्षं आहे. त्या सतरा वर्षांत तो जेवढं बोलला तेवढं त्याची बहीण न्याहारीपर्यंत बोलते. फांदी बघून तिच्यात होडीची फासळी दिसली पाहिजे. वाकण निसर्गानंच दिलेलं असतं, आपण फक्त ओळखायचं. माझ्या बापाला झाडावर बसलेला पक्षी दिसायच्या आधी फासळी दिसायची.

खाली उतरताना बघितलं तर रस्त्यानं नवे विजेचे खांब उभे केलेत, सगळे वाकडे. दर खांबाला कमरेत बाक. मी सेप्टिमसला म्हटलं, "ठेकेदारानं लोखंड खाल्लंय, ते पचलं नाही म्हणून खांबाला कळ आलीय." तो हसला. मग खांबाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हसायचा थांबला. मेहुण्याला विनोद उशिरा कळतो आणि लवकर सोडून जातो.

२२ मार्च
कणा ठेवला. गयानाचं लाकूड, लोखंडासारखं जड. डोलकाठी जिथे बसेल तिथे नाणं पुरलं, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, कोंबडा कापला, जमिनीवर रम शिंपडली. आपल्याकडची जॅक आयर्न, जिच्यात बर्फ तळाला जातो. ओझायसनं थोडी जास्तच शिंपडली. मी म्हटलं, "पूर्वजांना पाज, बुडवू नकोस." तो म्हणाला, "तुझे पूर्वज आहेत, एवढ्यानं त्यांचा घसासुद्धा ओला होणार नाही."

मग एकटाच कण्यापाशी जाऊन उभा राहिला. बायकोचं नाव घेतलं बहुतेक. आयोना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. मला नीट ऐकू आलं नाही. ऐकलंही नसतं.

१७ एप्रिल
डावीकडच्या फासळ्या उभ्या राहिल्या. आता डावीकडे बघून उजवी बाजू उतरवायची. इथे नकाशा नाही, आकडे नाहीत. पुढे नाळेपाशी उभं राहायचं, डोळा मिटायचा, आणि ओळ बोलते. बाहेरची माणसं येतात, विचारतात, ड्रॉइंग कुठाय? मी कपाळावर बोट ठेवतो. ती फोटो काढतात. कपाळाचा.

पण काल संध्याकाळी उजवीकडची पाचवी, सहावी, सातवी मी ठाकठीक करून गेलो आणि सकाळी येऊन बघतो तर खचलेल्या! ताजा भुसा खाली पडलेला. कुणीतरी लाकूड तासायचा वाकस चालवलाय. मी सेप्टिमसला विचारलं.

"किडा असेल, दाजी."

"किड्यानं वाकस चालवला?"

"किडे हल्ली हुशार झालेत."

मी लाकडाच्या पट्ट्या मारून तिन्ही फासळ्या पुन्हा बाहेर आणल्या. ओळ जुळली.

२० एप्रिल
पुन्हा खचल्या. पुन्हा भुसा. पुन्हा पट्ट्या मारल्या.

२४ एप्रिल
चोर सापडला. आज मुद्दाम उजाडता उजाडता होडी बांधायच्या छपरात गेलो. सेप्टिमस उजव्या बाजूला उकिडवा बसलेला, हातात वाकस. आणि वरच्या आडव्या लाकडाला काय लोंबत होतं? ओळंबा! दोरी आणि तिच्या टोकाला शिसं. माझ्या छपरात. बापाच्या छपरात.

"हे काय आहे?"

"दाजी, उजवी बाजू फुगलीय. तीन बोटं."

"कुणाच्या डोळ्यानं?"

"दोरीच्या."

बाप म्हणायचा, ओळंबा गवंड्यासाठी. घर जागचं हलत नाही, म्हणून त्याला लोंबत्या दोरीचं शहाणपण चालतं. होडीला जिवंत नजर लागते. हे सगळं मी सेप्टिमसला ऐकवलं, आवाज बहुधा चर्चपर्यंत गेला. शेवटी म्हटलं, "डोळे तपासून घे जा!"

त्यानं वाकस खाली ठेवला. मग म्हणाला, "आपण दोघं जाऊ या का?"

उद्धटपणा. ओळंबा काढून घेतला आणि छपराच्या दारातल्या खिळ्याला टांगला, गावानं येताजाता बघावं म्हणून. मेलेला कावळा टांगतात तसा.

९ मे
सेप्टिमस सुधारला. हल्ली सांगेन तसं करतो, वर मान करत नाही, सकाळी माझ्यानंतर येतो. सतरा वर्षांनी माणूस शिकला. उजव्या फासळ्या जागच्या जागी आहेत. ओळ अशी सुंदर आलीय की मी आज दोनदा नुसता बघत उभा राहिलो.

२७ मे
फळ्या ठोकायला सुरुवात. गावातले म्हातारे परंपरेप्रमाणे येऊन ओंडक्यावर बसले. हे सगळे कधीतरी स्वतः होड्या बांधणारे, आणि यांचा धंदाच मुळी दुसऱ्याच्या होडीला नावं ठेवण्याचा. बापाच्या शेवटच्या गलबताला यांनी 'पोटुशी डुक्करीण' म्हटलं होतं आणि तिनं तीन वर्षं शर्यत जिंकली.

आज एकानंही नाव ठेवलं नाही. बघितलं, एकमेकांकडे बघितलं. एकानं पाइप झटकला, म्हणाला, "लाकूड चांगलं आहे." आणि उठून गेले.

लाकूड चांगलं आहे! माझ्या कामापुढे शब्द सापडला नाही, म्हणून झाडाचं कौतुक करून गेले. एवढा मान विंडवर्डमध्ये कुणाला मिळालेला मला आठवत नाही.

१४ जून
लिंडोरानं आज मला दवाखान्यात नेलं. डोळ्यांचा डॉक्टर आमच्या बेटावर वर्षातून एकदा बोटीनं येतो. तिनं हे का काढलं माहीत नाही. भावानं कान भरले असणार. म्हणाली, "चहा तू कपाच्या बाहेर ओततोस."

"कप हलतो."

"कप हलतो?"

"तुझ्या आवाजानं."

रांगेत माझ्यापुढे अकराजण. प्रत्येकाला भिंतीवरची तीच अक्षरं मोठ्यानं वाचायला लावत होते. आळशी लोक, तक्ता एकच. शिवाय छपाई इतकी वाईट की प्रत्येक ओळीतलं मधलं अक्षर कुणी चाटून टाकल्यासारखं. माझा नंबर येईतो मला सगळं पाठ झालं होतं, बायबलचं एक वचन धड पाठ नाही त्या मला. आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्यानं, तक्त्याकडे फारसं न बघताच वरून खाली घडाघडा म्हणून दाखवलं. शेवटची ओळ तर त्यांनी विचारायच्या आधीच. नर्सबाई म्हणाल्या, "वा! या वयात?" मी म्हटलं, "बाई, या डोळ्यांवर गलबतं तरतात."

वाटेत लिंडोरा माझा हात धरून चालली. बऱ्याच दिवसांनी. म्हणाली, "देवाची कृपा. मला उगीच काहीबाही वाटत होतं." मग तिनं वाटेवरच्या झाडाच्या तुरीच्या शेंगा घेतल्या आणि घरी येईपर्यंत गुणगुणत होती. घरी गेल्यावर भावाला म्हणाली, "बघ, त्यांचे डोळे तुझ्यापेक्षा तरुण आहेत." सेप्टिमसनं मान खाली घातली आणि शेंगा सोलत बसला. म्हणाला, "मग माझंच चुकलं असेल."

सेप्टिमसला आपली चूक कळली, हे म्हाताऱ्यांच्या कौतुकानंतरचं या वर्षातलं दुसरं आश्चर्य.

८ जुलै
फटी भरून झाल्या, रंग लागला. ओझायस रोज येतो. कुठे काय ठेवायचं ते हातवारे करून दाखवतो. इथे सिमेंटच्या गोण्या, इथे गॅसची नळकांडी, पुढे बोकड, मागे युनियन बेटावरच्या नवऱ्या मुली. शवपेट्या आडव्या. आणि ज्या मालाबद्दल कस्टमवाल्यांसमोर आपण हवामानावर बोलतो, तो खाली. महिन्याला चार फेऱ्या. पोरगी सेंट व्हिन्सेंटला नर्सिंग शिकतेय, तिला तिथे खोली घेऊन द्यायची. एवढा बोलतो की मला ऐकून दम लागतो.

"तुझी होडी बुडाली तर ती तुझ्या बडबडीच्या वजनानं," मी म्हटलं.

"बुडाली तर तुला तळाशी बांधून घेऊन जाईन. मेल्यावरही कुणाशी तरी भांडायला हवं."

बरं वाटलं.

२५ जुलै
उद्या होडी पाण्यात. संध्याकाळी पूर्वजांचं ताट वाढलं: पांढऱ्या कापडावर मक्याचं कुकु, भाजलेला मासा, नीरफणस, बापासाठी रमचा पेला. मीठ घालायचं नाही, मेलेल्यांना मीठ चालत नाही. पेल्यातली रम मला एका बाजूला उतरती दिसली. बाप आधीच एका कडेनं पिऊन गेला असणार. तो कधीच वाट बघायचा नाही.

२६ जुलै
लिहितो. आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

सकाळी सगळा विंडवर्ड किनाऱ्यावर. खालच्या आळीच्या बायकांनी चुली मांडल्या. नाळेवर बोकड कापला, मागे मेंढा. फादरनी पाणी शिंपडलं, ओझायसनं रम. फादरांच्या हातातला क्रूस वाकलेला होता. मी शेजाऱ्याला म्हटलं, रोमहून आणताना पेटीत दुमडला वाटतं. तो हसला. तोवर सगळे हसत होते.

होडीच्या नावावर झाकलेलं निशाण ओझायसच्या पोरीनं ओढलं. अक्षरं सेप्टिमसनं रंगवलेली, मला मधली दोन एकमेकांवर चढलेली दिसली. कुणीतरी मोठ्यानं वाचलं, "आयोना." ओझायसनं टोपी काढली.

मग एका बाजूचे टेकू कुऱ्हाडींनी तोडायला घेतले. नाळेकडून एक, मागून एक, माझ्या इशाऱ्यावर. हे काम चुकलं तर होडी माणसांवर येते. नाही चुकलं. ती हळूच कुशीवर आली, ओंडक्यांवर टेकली, आणि दोनशे हातांनी दोर ओढला. गाणं म्हणत म्हणत. पाणी लागलं. उठली.

या क्षणी विंडवर्ड ओरडतं. मी लहानपणापासून ऐकत आलोय. शंख फुंकतात, बायका भांडी वाजवतात, म्हातारे टोप्या उडवतात.

कुणी ओरडलं नाही. शंखवाल्यानं शंख तोंडाला लावला होता, तो तसाच खाली आणला. दोर धरलेली माणसं पाण्यात कमरेपर्यंत उभी राहिली. एक पोर बोललं, "आई, ती अशी का बसलीय?" आणि त्याला कुणीतरी चापट मारल्याचा आवाज आला.

मी बघत होतो. डोळा मिटून, नीट. मला ती सरळ दिसत होती. इतकी सरळ होडी मी आयुष्यात बांधलेली नाही.

मी लिंडोराला विचारलं, "काय झालं?"

ती म्हणाली, "चल, जेवायला चल."

"झालं काय पण?"

"डावीकडे झुकलीय रे." आणि ऍप्रनचं टोक तिनं तोंडाला लावलं.

वारा असेल, मी म्हटलं. वारा नव्हता.

ओझायस पाण्यातून आला. चपला हातात, लंगडत. मी तयार होतो. चाळीस वर्षांत त्यानं जेवढं ऐकवलं नसेल तेवढं तो आज ऐकवणार, म्हणून मी उत्तरंही जुळवून ठेवली होती. तो समोर आला, माझा हात हातात घेतला.

"छान झाली, हॅल्डेन," म्हणाला. "मी तुमचा आभारी आहे."

तुमचा.

३० जुलै
तिच्या उजव्या पोटात दगड भरलेत. सेप्टिमस आणि चौघंजण दोन दिवस किनाऱ्यावरून दगड वाहत होते. मला कुणी बोलावलं नाही. मी गेलो तर सगळे बाजूला झाले, बसायला पेटी दिली, नारळाचं पाणी दिलं. पाव्हण्याला देतात तसं.

म्हाताऱ्यांपैकी एकाला मी म्हटलं, "बोल की काहीतरी. पोटुशी डुक्करीण म्हण."

तो म्हणाला, "उन्हात बसू नकोस, हॅल्डेन."

१ ऑगस्ट
सेप्टिमस सकाळच्या बोटीनं गेला. ग्रेनाडात गवंडीकाम मिळालंय. पाया पडायची आपल्याकडे पद्धत नाही. तो दारात येऊन नुसता उभा राहिला. मी म्हटलं, "तुझा ओळंबा खिळ्याला आहे. घेऊन जा, आता लागेल."

"राहू द्या, दाजी. तिथे मिळतो."

लिंडोरा त्याला पोचवून आली आणि तिनं दिवसभर एक शब्द काढला नाही. या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

५ ऑगस्ट
ओझायस आज पहिल्या फेरीवर गेला. निम्म्या पोटात सिमेंट, निम्म्यात दगड. एका बाजूचा वारा आला की ती पळते, दुसऱ्या बाजूचा आला की आडवी व्हायला बघते, असं काल चाचणीला गेलेले खलाशी म्हणत होते. मला बघून हवामानावर बोलायला लागले. बोकड घेतलेच नाहीत. नवऱ्या मुली आणि शवपेट्यांचं तर नावच नको. दगडांचं भाडं कुणी देत नाही. त्याची पोरगी नर्सिंग सोडून परत आलीय, कपिलिनच्या गल्ल्यावर बसते. विकलेल्या जमिनीवरचे माड तोडून झाले.

मी हत्यारं आवरायला छपरात गेलो. आता इथे कणा पडणार नाही. पोरं येतात ती फोन घेऊन येतात, लाकूड घेऊन नाही, आणि मला तर कुणी फोटोलाही उभं करणार नाही.

दारात ओळंबा होता. वारा अजिबात नव्हता, शिसं निश्चल. सवयीनं डावा डोळा मिटला.

दोरी वाकडी होती. मधोमध बाक. खांबाला होता तसाच.

मी दोरीवरून बोट फिरवलं. बोटाला बाक लागला नाही. दोरी जुनी असेल म्हणून सोडली, मासे धरायची नवी दोरी लावली, शिसं बांधलं, थांबेपर्यंत थांबलो. वाकडी. त्याच जागी. बाप ओळंब्याला काहीही म्हणो, शिसं खाली खेचतं तेव्हा मध्ये वळण घेत नाही. एवढं मला कळतं.

उजव्या डोळ्यात पाणी आलं, भुसा असेल, तळहातानं दाबून धरला. तेव्हा डावा उघडा राहिला. आयुष्यभर ज्याला काम दिलं नाही तो.

दोरी सरळ होती.

उजवा तसाच दाबून धरून दारात आलो. रस्त्याचे खांब चर्चपर्यंत ताठ उभे. चर्चवरचा क्रूस ताठ. प्रवाळाच्या पलीकडे एकच शीड होतं, आणि त्याखाली आयोना डावीकडे कलून चालली होती. ओझायस रस्त्यानं चालतो तशी.

चाळीस वर्षं माप घेताना मी जो डोळा मिटत आलो, त्याला सगळं दिसत होतं. सेप्टिमसलाही दिसत होतं. त्यालाही मी डोळ्यासारखाच मिटवून ठेवला.

लिंडोरा मघाशी विचारून गेली, एवढं काय लिहितोयस. काही नाही म्हटलं. हे पान डाव्या डोळ्यानं लिहितोय. रेघा सरळ आहेत.